मडमेची ओटी

ज्ञानदाला एखादी गोष्ट करू नको म्हणून सांगावं आणि तिनं ती करू नये, असं साताऱ्यात आजवर घडलेलं नाही. सातवा महिना लागला तरी बाई दर रविवारी परगावच्या लोकांना अजिंक्यतारा दाखवत हिंडतच होती. सासूबाईंनी, विनोदिनीबाईंनी, आधी समजूत घातली, मग अबोला धरला, आणि अबोल्याचा स्वतःलाच कंटाळा आल्यावर पुन्हा बोलायला लागल्या. नवरा पुष्कर मऊ माणूस. "गाडी वरपर्यंत जातेच की," एवढंच तो म्हणाला आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन बसला. शेवटी तह झाला. संक्रांतीनंतरचा रविवार हा शेवटचा. मग बाळंतपण होईतो किल्ला नाही, कॅम्प नाही, गपगुमान घरात बसायचं.

एवढी काळजी कशाला, तर आधी दोनदा राहिलं होतं आणि दोनदा गेलं होतं. दोन्ही वेळा सोनोग्राफीच्या खोलीत तेच झालं. बोलता बोलता तिथली बाई गप्प झाली, मशीनचा पडदा हळूच पलीकडे वळवला आणि "मिस्टर बाहेर आहेत का?" म्हणून विचारलं. तो पडदा वळतानाचा बारीक कुरकुर आवाज ज्ञानदाच्या कानातून गेलाच नाही. घरी बसलं की दिवसभर पोटाकडेच लक्ष, म्हणून ती बाहेर पडायची. लोकांना वाटायचं, बेफिकीर आहे. बेफिकीर कसली! आतून पार पोखरली होती पोरगी.

तिच्या फेरीचं नाव 'किल्ला ते कॅम्प'. सकाळी गडावर जायचं, ऊन तापायच्या आत खाली उतरायचं, आणि मग इंग्रजांनी वसवलेल्या कॅम्पात पायी फिरायचं. गडावर लोक खूश असायचे. भले थोरले दरवाजे, बुरूज, तळी, खाली शाहूमहाराजांनी वसवलेलं शहर, समोर यवतेश्वरचा डोंगर, तिकडे जरंडा. गडावर बोलायला काही कमी नाही. पण कॅम्पात आलं की घोडं पेंड खायचं. साहेबाचे कौलारू बंगले, चर्च, आणि शेवटी गोऱ्यांची दफनभूमी. तिथं लोक जांभया द्यायचे आणि जेवणाचं काय म्हणून विचारायचे.

मग ज्ञानदानं एक शक्कल काढली. दफनभूमीच्या कोपऱ्यात चिंचेखाली एका मडमेची कबर होती. शार्लट तिचं नाव. कुणा साहेबाची तरणीताठी बायको, पहिल्या बाळंतपणात गेलेली, मूल पोटातच राहिलेलं. दगडावर तसं कोरलेलंच होतं. ज्ञानदानं तिची ओटी भरायला सुरुवात केली. आलेल्या बायांपैकी एकीच्या हाती ताट द्यायचं. हळदीकुंकू, खण, नारळ, हिरव्या बांगड्या आणि ओंजळभर तांदूळ. "साताऱ्याच्या बाया पूर्वापार हिची ओटी भरत आल्यात," असं बिनदिक्कत ठोकून द्यायची. पूर्वापार कसलं डोंबलाचं! तिच्याआधी त्या दगडाला कुणी हळदीचं बोटसुद्धा लावलं नव्हतं. पण लोकांना ते असं काही भावलं की विचारू नका. फोटो निघाले, व्हिडिओ निघाले, आणि पुण्या-मुंबईहून लोक 'त्या मडमेची ओटी असते ती फेरी' म्हणून विचारायला लागले.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात येऊनही तिनं मनावर घेतली नव्हती. पुढच्या रविवारी गेलं की कबरीवर काही म्हणजे काही नसायचं. नारळ कुणी नेला असेल, खणही नेला असेल. पण तांदूळ? एक दाणा नाही. मुंगी नाही, चिमणी नाही. फाटकावरच्या बिरदेवला तिनं एकदा विचारलंही. तो म्हणाला, "ताई, म्या फाटकाच्या आत पाऊल टाकत न्हाई. कुलूप काढतो, कुलूप लावतो. आतलं आत ऱ्हाऊ दे."

तर तो शेवटचा रविवार.

सकाळी उठल्यापासून पोटातलं हललं नव्हतं. रोज चहाचा पहिला घोट घशाखाली उतरला की लाथ बसायची. आज नाही. ज्ञानदानं दुसरा कप घेतला. तिळगुळाची वडी खाल्ली. डाव्या कुशीवर आडवी झाली, पोटावर हात ठेवून लाडात बोलली, मग रागावली. काही नाही. पोट नुसतं ओझ्यासारखं पडून. दवाखान्यात फोन करायला हवा होता, हे तुम्हाआम्हाला कळतं, तिलाही कळत होतं. तिनं नंबर काढला आणि फोन पालथा ठेवला. कारण जोवर कुणी पडदा वळवत नाही, तोवर बाळ आहे. झोपलंय. तिनं ओटीची पिशवी भरली, तांदळाच्या डब्यातून ओंजळ काढली आणि कुणाला काही न सांगता घराबाहेर पडली.

मंडळी कुपवाडची होती. एका कारखान्यातले कामगार, बायकापोरांसकट सहलीला निघालेले. त्यातला कृष्णात नावाचा फिटर पुढारपण करत होता. त्याची नवी नवरी दीपमाला सगळ्यांत मागे राहून भरभर फोटो काढत होती, आणि त्याची आई मनुबाई, खास या सहलीसाठी वडूजहून आलेली, पायात घट्ट नवी चप्पल घालून कुरकुरत चालत होती. "किल्ला बघायचा म्हंजी काय बघायचं गं? दगडं? दगडं आमच्या रानात काय कमी हायती?" असं ती दर दहा पावलांनी म्हणायची आणि सगळे हसायचे.

ज्ञानदा बोलत होती. दरवाजा, वेढा, सुरुंग, तोंडपाठ सगळं. तोंड बोलत होतं आणि हात पोटावर. बुरुजावर वारा भन्नाट होता, पण तिला घाम फुटला होता. बोलता बोलता ती थांबायची, आत काही सरकलं का म्हणून बघायची, आणि पुन्हा जिथं सोडलं तिथून सुरू करायची. एकदा तर शब्दच आठवेना. मंडळींना वाटलं, दम लागला असेल बाईला. कुणीतरी बाटली पुढं केली.

गडावरच्या मंगळाईच्या देवळात मनुबाईनं कनवटीचं पुडकं सोडलं आणि देवीची ओटी भरली. मंडळी बाहेर खोळंबली. ज्ञानदा दारात उभी राहून म्हणाली, "आजी, आटपा लवकर, ऊन चढतंय."

"झालं गं बाई." म्हातारीनं देवीच्या पायाशी ठेवलेल्या तांदळातले चिमूटभर दाणे परत उचलले आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. "आपण दुसरीची वटी भरली की चिमूटभर माघारी घ्यायचं. न्हाईतर तिची भरती आन आपलं घर रिकामं."

"माहीत आहे हो," ज्ञानदा म्हणाली. तिला माहीत होतंच. सासूबाईंनी हळदीकुंकवाला कुणाची ओटी भरली की ती बाई आधी चिमूटभर दाणे ताटात परत टाकायची, मगच उठायची. हे काय शिकवायला लागतं? साताऱ्यात जन्मलेली कुठलीही पोर परकर नेसायच्या वयात शिकते.

खाली कॅम्पात पोचले तेव्हा सूर्य माथ्यावर आला होता. रविवारची दुपार, रस्त्यात चिटपाखरू नाही. बंगल्यांची फाटकं बंद, कुत्री सावलीला मेल्यासारखी पडलेली. ज्ञानदानं चर्च दाखवलं, साहेबांचा क्लब कुठं होता ते दाखवलं. पोरं रडायला लागली. आपण काय सांगतोय याकडे तिचं लक्ष नव्हतं. एवढं उरकायचं, मंडळींना जेवणाला पोचवायचं आणि मग, मग बघू. त्या 'मग'च्या पुढं तिचा विचार जातच नव्हता.

बिरदेवनं कुलूप काढलं. आत गेल्याबरोबर ज्ञानदाला वास आला. डांबरगोळ्यांचा. पेटीत वर्षानुवर्षं ठेवलेली लोकर उन्हात काढली की येतो तसा. तिनं इकडंतिकडं पाहिलं. दुसऱ्या कुणाला आलेला दिसला नाही.

कबर स्वच्छ होती, नेहमीसारखीच. गेल्या रविवारचा एक दाणा नव्हता. चिंचेच्या झाडावर एरवी पोपटांचा कलकलाट असायचा, आज तेही गप्प. ज्ञानदानं शार्लटची गोष्ट सांगितली. तरुण पोर, परका मुलुख, बाळंतपण अडलं, आणि पोटातल्या बाळासकट पुरली. आज सांगताना तिचा आवाज मधेच फाटला. मग तिनं पिशवीतून ताट काढून दीपमालाच्या हाती दिलं. "साताऱ्याच्या बाया पूर्वापार..." ती सुरू झाली.

"थांब गं," मनुबाईनं सुनेचं मनगट धरलं.

"काय झालं आजी?"

"ही बाळंतपणात गेली म्हंतीस न्हवं?"

"हो."

"आन हिची वटी भरता? कवा कवा?"

"दर रविवारी," ज्ञानदा म्हणाली. थोडा अभिमानच होता त्यात.

म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. "बाई माझे! आगं, मेल्या सवाशिणीची वटी एकदाच भरत्यात. तिरडीवर. भरली वटी घिऊन तिनं आपल्या वाटंनं जावं म्हणून. तुमी दर आइतवारी भरताय. मग ती जाईल कशाला?"

मंडळी हसली. कृष्णात लाजून म्हणाला, "आये, ती इंग्रजाची बाई हुती. तिला काय कळतंय वटीतलं?"

"इंग्रजाची आसंल, पर बाई हुती न्हवं? पोट तर बाईचंच हुतं." मनुबाईनं त्याला उडवून लावलं आणि ज्ञानदाकडे वळली. "आन दाणं? दाणं कोण परत घेतं?"

ज्ञानदानं ताटातल्या तांदळाकडं पाहिलं.

"तांदूळ कुणाच्या घरचं?"

"माझ्या."

"मग वटी तुझीच झाली की. ताट कुणाच्या का हातात आसंना." म्हातारीची नजर ज्ञानदाच्या पोटावर आली आणि आवाज एकदम उतरला. "पयलंच न्हवं?"

हो म्हणून सुटावं असं ज्ञानदाच्या मनात आलं. पण तोंडातून निघालं, "तिसरं. आधीची दोन राहिली नाहीत."

मनुबाईनं पदर तोंडाला लावला. आता कुणी हसत नव्हतं.

ज्ञानदाचं डोकं आपोआप मागं मागं जायला लागलं. पहिली ओटी भरली ती पावसाळा संपल्यावर. तेव्हा पुष्करला नुकतंच सांगितलं होतं, पेढे आणायचे की थांबायचं यावर दोघांचा वाद चालला होता. दिवाळी आली नाही तोवर पडदा वळला. मग वर्षभर फेऱ्या बंद होत्या, दुखण्यामुळं. मग पुन्हा राहिलं, तिला हुरूप आला, फेऱ्या सुरू झाल्या, ओटी सुरू झाली, आणि पुन्हा पडदा. तिनं दोन्ही गोष्टी कधी एकीशेजारी एक ठेवल्याच नव्हत्या. कशाला ठेवेल? तिच्या लेखी ती ओटी नव्हतीच. तो खेळ होता, लोकांची जांभई घालवायचा. सासूबाईंच्या हळदीकुंकवात ती कधी दाणे परत टाकायला विसरली नाही. इथं मात्र तिनं हातानं डबा उपसून उपसून एका मेलेल्या बाईची ओटी भरली होती, आणि तिच्याकडून चिमूटभरही परत घेतलं नव्हतं.

"आजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला. "सकाळपासून हललं नाही हो."

मनुबाईनं कृष्णातला हाक मारली. "सगळ्यांस्नी घिऊन गाडीत बस जा. पोरांस्नी खायला दे." मंडळी पटापट फाटकाबाहेर पडली. म्हातारीनं ज्ञानदाचे दोन्ही खांदे धरले. "ऐक. पदर पसर आन माग. तुजंच हाय, मागायला लाज कसली? मागताना पाठीमागं कुणी नसावं, म्हणून म्या जाती. फाटकात हुबी हाय. आन मग सरळ दवाखान्यात. कळलं?"

ती गेली. ज्ञानदा एकटी राहिली.

तिच्या अंगावर साडी नव्हती. तिनं ओढणी काढली, कबरीसमोर गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांवर ओढणी पसरली. मग अडली. बोलायचं कसं? परदेशी पाहुण्यांसमोर तिचं इंग्रजी फाडफाड चालायचं. पण भीक मागायला माणसाला आपलीच भाषा लागते.

"हे बघ बाई," ती म्हणाली. "मी तुझा तमाशा केला. माझं चुकलं. पण तांदूळ माझ्या घरचे होते. माझे मला दे."

काही नाही. पानही हललं नाही. डांबरगोळ्यांचा वास तेवढा घट्ट झाला.

मग ज्ञानदा चिडली. ती चिडायचीच, तिचा स्वभाव. "किती घेशील गं? दोन घेतलीस! तुझं गेलं म्हणून माझी घ्यायची? मी काय वाकडं केलं होतं तुझं? तुझं नाव तरी कुणी घेत होतं का माझ्याआधी?" आणि तिथंच तिचा बांध फुटला. इतके दिवस कुणासमोर न रडलेली बाई त्या परक्या दगडासमोर ओक्साबोक्शी रडली. "दे गं. हे तरी दे. तुला कळत नाही का? तुला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

ओढणीत काहीतरी पडलं.

चिंचेचं पान असेल असं तिला वाटलं. पुन्हा पडलं. बारीक, कोरडा आवाज, सुपातून तांदूळ निसटावेत तसा. तिनं खाली पाहिलं. तांदूळच होते. हळदीनं पिवळे झालेले, जुने. वर काही नव्हतं, नुसतं रखरखीत ऊन. आणि दाणे पडत होते, सावकाश, ओंजळीओंजळीनं, कुणीतरी मन लावून ओटी भरावी तसे. ओढणी जड झाली. तरी तिनं हात खाली घेतले नाहीत. घरी कुणी ओटी भरत असताना हात काढून घ्यायचा नसतो, आणि ती कुठं बसली आहे हे त्या घटकेला तिच्या हातांना ठाऊक नव्हतं.

शेवटी, नारळाच्या जागी, एक मऊ वस्तू येऊन पडली. लोकरीचं टोपडं. पिवळट पडलेलं, बारीक टाक्यांचं, रिबिनीची गाठ तशीच. लहानशा नारळाएवढ्या डोक्याला बसेल एवढं.

आणि पोटात लाथ बसली. अशी सणसणीत की तिच्या तोंडून "आई गं!" निघालं. पुन्हा बसली, उजव्या बाजूला, जिकडं आजवर कधीच बसली नव्हती. ज्ञानदा हसत होती आणि रडत होती. ओढणी छातीशी धरून ती उठायला लागली, आणि अर्ध्यात थांबली.

ओटी भरली गेली होती. आता तिनं चिमूटभर परत टाकायला हवं होतं.

तिनं दाण्यांत बोटं घातली. पोटातलं थांबलं. तिनं बोटं बाहेर काढली तसं पुन्हा हललं. पुन्हा घातली, पुन्हा शांत. म्हणजे कळलं. चिमूट परत टाकली तर त्या चिमटीइतका वाटा त्या बाईचा राहणार होता. न टाकता चालती झाली तर सगळंच्या सगळं ज्ञानदाचं, आणि ती बाई रिकामी. कायमची.

जायचं होतं तिला. खरं सांगायचं तर एक पाऊल टाकलंही होतं तिनं फाटकाकडे. कोण अडवणार होतं? पण भरलेली ओटी छातीशी धरून ती उभी राहिली, आणि तिला दवाखान्यातून रिकामी घरी आली त्या दोन्ही संध्याकाळी आठवल्या. आणून ठेवलेलं झबलं सासूबाईंनी न बोलता कपाटात वर टाकलं होतं. रिकामी ओटी काय असते हे तिला कुणी सांगायला नको होतं. आणि हातातलं टोपडं कुणीतरी स्वतःच्या हातानं, वाट बघत बघत, विणलं होतं.

तिनं चिमूट उचलली आणि कबरीवर टाकली.

पोट गार पडलं. ज्ञानदा वाट बघत उभी राहिली. ऊन तसंच, झाड तसंच, फाटकातून मनुबाईची सावली दिसत होती. तिच्या मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारून झाल्या, मंगळाईला, औंधच्या यमाईला, मग देवही संपले. "बघून घे," ती शेवटी पुटपुटली, "बघून घे आणि परत दे."

खूप वेळानं, अगदी हलकेच, आतून कुणी कूस बदलली.

फाटकात मनुबाईनं ओढणीची गाठ पाहिली आणि काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "चिमूट टाकलीस?"

"टाकली."

"बरं केलंस. रिकाम्या वटीची बाई लय वाईट असती." तिनं ज्ञानदाच्या दंडाला धरलं आणि गाडीकडे नेलं. मागं बिरदेवनं घाईघाईनं कुलूप लावलं.

दवाखान्यात पडदा वळला नाही. ठोके बरोबर आहेत, बाळ नुसतं झोपलं असेल, अशी धावपळ करत जाऊ नका, असं सांगून डॉक्टरांनी वर दोन शब्द सुनावले. त्या तांदळाची ज्ञानदानं खीर केली आणि ओटीचे तांदूळ दुसऱ्याला द्यायचे नसतात म्हणून एकटीनं संपवली. टोपडं सासूबाईंना सापडलं. "कुणी दिलं गं हे? काय सुबक हात आहे बाईचा!" म्हणून त्यांनी ते धुवून उन्हात घातलं.

मुलगी झाली. गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची. "आमच्या माहेरी वाईला सगळे घारेच," असं विनोदिनीबाई बारशाला आलेल्या प्रत्येकीला सांगत होत्या. टोपडं तिला बेताचं बसलं. नाव ठेवलं प्रियदर्शनी.

पोर गुणाची आहे. खाते, पिते, खिदळते, आता धरून उभी राहायला लागली आहे. रविवारी दुपारी, ऊन माथ्यावर आलं की मात्र ज्ञानदा तिला मांडीवर घेऊन बसते आणि कुणालाही त्या खोलीत येऊ देत नाही. पुष्कर हसतो, सासूबाई फणकारतात. मग डांबरगोळ्यांचा वास येतो. पोरगी खेळता खेळता थांबते. आईच्या खांद्यावरून मागं कुणाकडं तरी बघून ओळखीचं हसते, उचलून घे म्हणून दोन्ही हात वर करते, आणि मग तिचे हात खाली येतात. डोळे उघडे असतात, श्वास चालू असतो, पण ती तिथं नसते. मांडीवरचं वजनसुद्धा कमी होतं. पहिल्या वेळी ज्ञानदानं तिला गदागदा हलवलं होतं, किंचाळली होती. आता ती तसं करत नाही. हाक मारत नाही, मागं वळून बघत नाही. ज्याचा वाटा त्याला द्यायचा म्हटलं की नीट द्यावा. थोड्या वेळानं मांडी पुन्हा जड होते, पोरगी आळस देते आणि भूक लागली म्हणून भोकाड पसरते.

तेवढा वेळ ज्ञानदा गप्प बसून राहते. गॅसवरचा कुकर ती आधीच बंद करून आलेली असते, शिट्टीनं कुणी दचकू नये म्हणून.